पाण्याचा ताप, तेलाचा ताप

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या रोह्यात ‘गाडी तापली’ असं कुणी म्हटलं, तर काय तापलं असं ऐकणारा विचारत नाही. बॉनेट उघडलेलं, वाफ येतेय आणि ड्रायव्हर हातात ओलं फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे संशयानं बघतोय, एवढं दिसलं की सगळं कळतं. माझं लहानपण या वाफेत गेलं. अब्बांची अँबॅसेडर होती. १९७८ साली त्यांनी ती जुनी विकत घेतली आणि टुरिस्ट परवान्यावर रोहा-मुंबई चालवली. लग्नाची माणसं, परळच्या इस्पितळांत न्यायचे पेशंट आणि पुढे पुढे सगळ्यांत जास्त आखाती देशांत नोकरीला निघालेली आमच्या कोकणातली पोरं. आधी सांताक्रूझ, मग १९८१ पासून सहार. रोह्यापर्यंत रेल्वे यायला १९८६ साल उजाडावं लागलं. तोवर विमान गाठायचं तर एसटी किंवा अब्बांसारख्यांची गाडी.

रस्ता असा. रोह्याहून निघायचं, भिसे खिंड चढून नागोठण्याला मुंबई-गोवा रस्त्याला लागायचं. पुढे वडखळ, पेण, खारपाड्याचा पूल, कर्नाळ्याची खिंड, पनवेल. १९७३ मध्ये ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल झाला म्हणून मुंबई जवळ आली, नाहीतर मुंब्रा-ठाण्याचा वळसा होता. या वाटेवर अब्बा पाण्याचे दोन डबे डिकीत ठेवत आणि कॅनव्हासची एक पिशवी पुढे बंपरला टांगत. पाणी घरचं, रोह्याचं. वडखळ-पेणच्या बाजूला गाडी कितीही वाफाळली, तरी तिथलं पाणी ते रेडिएटरला घालत नसत. तो खारेपाट. तिथल्या बायाबापड्यांना उन्हाळ्यात प्यायच्या पाण्यासाठी वणवण करावी लागे, त्यांच्याकडे गाडीसाठी पाणी मागायची त्यांना शरम वाटे, हे एक. आणि मचूळ पाण्याचे क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात, हे दुसरं.

हे सगळं पाण्याच्या तापाबद्दल झालं. इंजिनाला आणखी एक ताप असतो. त्याची वाफ होत नाही, त्याचा आवाज येत नाही, तो कुणाला दिसत नाही. तो तेलाचा ताप. माझ्या बी.ए.च्या अभ्यासक्रमात हा विषय नव्हता. मी तो शिकलो अब्बांच्या गाडीचं इंजिन एकदा घालवून.

तेलाची गोष्ट मोटारीपेक्षा जुनी आहे. बैलगाडीखाली वंगणाचं नळकांडं लोंबत असे. ओझ्याची गाडी खिंड चढताना आख कुरकुरायला लागला की गाडीवान उतरायचा, वंगण घालायचा, बैलांना दम द्यायचा. घर्षण झालं की उष्णता आलीच, आणि तेल ती निम्मी करतं, हे त्याला पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. पुढे विमानं आली. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांच्या इंजिनांत चक्क एरंडेल तेल घालत, कारण तापल्यावरही ते धरून राहायचं. कॅस्ट्रॉल हे नाव ‘कॅस्टर’, म्हणजे एरंडेल, यावरूनच १९०९ साली पडलं. त्याच कॅस्ट्रॉलचा वंगण तेलाचा कारखाना आपल्या रायगडात पाताळगंगेला आहे. पेणहून पनवेलला जाताना खारपाड्याला जो पूल ओलांडतो तो याच नदीवरचा.

इंजिनात तेल दोन कामं करतं. एक तर सरकवतं, हे सगळ्यांना माहीत आहे. दुसरं, ते उष्णता वाहून नेतं. सिलिंडरच्या भोवतीनं पाणी फिरतं, पण क्रँकच्या बेअरिंगपर्यंत किंवा पिस्टनच्या पोटाखाली पाणी पोचत नाही. तिथं जायचं तेलानंच. तिथला ताप घेऊन ते खाली चेंबरमध्ये येतं आणि चेंबरच्या पत्र्याला लागणाऱ्या वाऱ्यावर निवतं. पण तेल हे पाण्यासारखं दांडगं हमाल नाही. किलोला किलो धरलं तर पाणी जेवढी उष्णता उचलतं तिच्या साधारण निम्मीच तेल उचलतं. नव्वद ते एकशे दहा अंश ही त्याची सुखाची जागा. एकशे तीसच्या पुढे ते पातळ होतं, लवकर जळकं होतं, आणि बेअरिंग व क्रँक यांच्यामधला केसाएवढा पडदा फाटायला लागतो. जाणकारांचा ढोबळ हिशेब असा की दर दहा अंशांमागे तेल खराब होण्याचा वेग दुप्पट होतो.

यावरचा इलाज म्हणजे ऑइल कूलर. दिसायला लहानसा रेडिएटर. फरक एवढाच की त्यात पाण्याऐवजी तेल फिरतं. सोपी गोष्ट आहे. मग अब्बांच्या गाडीला ती का नव्हती?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला अँबॅसेडरचा एक विलायती चुलतभाऊ सापडला. अँबॅसेडर म्हणजे मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. हिंदुस्तान मोटर्सनं तिचे साचे आणून कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला ही गाडी काढली. १९५९ पासून तिच्यात जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आलं, ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सीरिज’ घराण्यातलं. याच घराण्यातलं, याच १४८९ सीसीचं इंजिन १९५५ साली अॅबिंग्डनच्या कारखान्यातल्या एमजीए नावाच्या दोन माणसांच्या उघड्या स्पोर्ट्स गाडीत बसवलेलं होतं. एमजीएला गिऱ्हाइकानं मागितल्यास ऑइल कूलर बसवून मिळे. तिच्यानंतरच्या एमजीबीला १९६४ मध्ये पाच बेअरिंगांचं इंजिन आलं, तेव्हापासून तो कारखान्यातूनच बसून येऊ लागला.

मला हे प्रथम वाचलं तेव्हा रागच आला. इंग्लंडच्या गारठ्यात धावणाऱ्या गाडीला तेल थंड करायचं यंत्र, आणि वैशाखात सहा माणसं, टपावर चार बॅगा घेऊन कर्नाळ्याची खिंड चढणाऱ्या आमच्या गाडीला काही नाही! मला वाटलं, आपल्याला नेहमीसारखी उरलीसुरली वस्तू मिळाली.

राग चुकीचा होता. तेलाचा ताप मुख्यतः वेगातून येतो. इंजिन तासन्‌तास जोरात फिरत राहिलं की बेअरिंगांतलं तेल घुसळून घुसळून तापतं. एमजीए ताशी दीडशे किलोमीटरपर्यंत पळायची. अब्बांची गाडी पन्नाशीच्या पुढे गेली की पाठीमागची मंडळी कलमा पढायला लागत. रस्ताच तसा होता. वळण, बैलगाडी, ट्रक, फाटक, पुन्हा वळण. खिंडीत इंजिन दोन-चार मिनिटं ओरडे, मग उतारावर तेलाला श्वास घ्यायला सवड मिळे. तापायचं ते पाणी, कारण चढावर गाडी हळू, वारा कमी, आणि रेडिएटर अर्धा क्षारांनी भरलेला.

म्हणून ऑइल कूलरचा इतिहास हा खरं तर रस्त्यांचा इतिहास आहे. जर्मनीत १९३० च्या दशकात ऑटोबान झाले. सरळ, रुंद, न थांबणारे. त्यांच्यावर ताशी शंभर किलोमीटरनं सतत धावू शकेल अशी स्वस्त गाडी हवी, या अटीवर फर्डिनांड पोर्शे यांनी फोक्सवॅगन आखली. तिच्या इंजिनाला पाणीच नव्हतं, वारा आणि तेल एवढ्यावरच भिस्त. त्यामुळे ऑइल कूलर तिच्यात पोटातूनच होता. इंग्लंडमध्ये १९५९ साली एम-वन हा लांब पल्ल्याचा पहिला मोटरवे सुरू झाला, आणि गावातल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं गुणानं वागलेल्या गाड्या त्यावर तास-दीड तास दामटल्यावर धडाधड कडेला उभ्या राहिल्या. आपल्याकडे तसा रस्ता २००२ साली मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या रूपानं पुरा झाला. मोटरसायकलींतही हेच. पुण्याच्या बजाजनं २००७ मध्ये पल्सरच्या दोनशे आणि दोनशेवीस सीसीच्या गाड्यांवर ऑइल कूलर दिला, तो पोरांना फुशारकी मारायला नव्हे. गाड्या पळू लागल्या होत्या, आणि पळायला रस्ते होते.

फोक्सवॅगनची एक फजिती सांगण्यासारखी आहे. तिचा कूलर पंख्याच्या डब्यातच, वाऱ्याच्या वाटेत उभा होता. त्यानं तेल थंड केलं खरं, पण त्याच्या आड आलेल्या तीन नंबरच्या सिलिंडरला वारा कमी पडू लागला. शेवटी १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूला काढून त्याला स्वतंत्र खोपटं करून दिलं. एवढ्या मोठ्या कंपनीला हे करायला तीस वर्षांहून जास्त लागली. हे मला आधी ठाऊक असतं तर बरं झालं असतं.

आता माझी गोष्ट. अब्बा २०१२ मध्ये गेले. गाडी घराच्या मागे उभी. विकायला काढली तर भंगारवाल्यानं किलोचा भाव विचारला. मी ठरवलं, आपण चालवायची. खाजगी नोंदणी केली, कागदपत्रं नवी केली. आणि मग माझ्या डोक्यात भरलं की गाडीला ऑइल कूलर बसवायचा. अब्बांची गाडी आयुष्यभर तापली, आता मुलानं तिचा ताप उतरवायचा, असा काहीतरी कवीमनाचा प्रकार होता. एका शहरातल्या गॅरेजात गेलो. त्यांनी दुसऱ्या कुठल्याशा गाडीचा जुना कूलर आणला, ऐन रेडिएटरच्या समोर बांधला आणि रबरी पाइप जोडून दिले. पैसे घेतले, चहा पाजला.

पहिला परिणाम, पाणी पूर्वीपेक्षा लवकर उकळू लागलं. कूलरनं रेडिएटरचा वारा अडवला होता, आणि वर स्वतःची ऊब त्याच्या तोंडावर सोडत होता. दुसरा परिणाम पावसाळ्यात दिसला. तेलाचं झाकण उघडलं तर आतून दुधाच्या सायीसारखा पांढरट चिकटा. जवळच्या जवळ फिरताना तेल कधी धड तापतच नव्हतं, त्यामुळे इंजिनात साचलेली दमट उडून न जाता तेलात मिसळत होती. तेल थंड राहणं हाही आजारच आहे, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. तिसरा परिणाम म्हणजे २०१३ चा डिसेंबर. मुंबईहून येत होतो. नागोठणं सोडून भिसे खिंडीचा चढ लागला आणि पुढचा पाइप फुटला. तो पाण्याचा पाइप होता. पाण्याचा दाब असतो अर्धा-पाऊण किलो, तेलाचा तीन-चार किलो. शिवाय तेलानं साधं रबर फुगतं, मऊ पडतं. चेंबर रिकामा व्हायला मिनिटभर पुरतं.

इथवर दोष त्या गॅरेजाचा. पुढचा माझा. बॉनेटखालून ठक ठक ऐकू आलं. रात्र होती, खिंडीत कुठं थांबायचं, रोहा आता आलंच, म्हणून मी गाडी पुढे रेटली. खिंडीच्या माथ्यावर इंजिन जाम झालं. पस्तीस वर्षांत अब्बांनी जे होऊ दिलं नाही ते मी एका चढावर केलं.

गाडी ओढून पेणला नेली. तिथले एक मिस्त्री अब्बांच्या ओळखीचे. नाव छापलेलं त्यांना आवडायचं नाही. त्यांच्या गॅरेजच्या दोन्ही बाजूंना गणपतीचे कारखाने. जुलैपासून त्यांच्याकडच्या प्रत्येक गाडीवर शाडूची पांढरी धूळ बसते, आणि ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, रेडिएटर धुऊन घे. त्यांनी इंजिन उतरवलं, क्रँक काढून माझ्या हातात दिला. बेअरिंगचा मुलामा खरवडून क्रँकला चिकटला होता.

“भाई,” ते म्हणाले, “कूलर कशाला बसवला होतात?”

“तेल तापतं म्हणून.”

“किती तापत होतं?”

मी गप्प. मी कधी मोजलंच नव्हतं.

क्रँक ग्राइंडिंगला गेला, नवी बेअरिंगं आली. २०१४ च्या मे महिन्यात हे काम चाललं होतं आणि त्याच महिन्यात उत्तरपाड्याला अँबॅसेडर काढणं बंद झालं. मिस्त्रींनी बातमी ऐकली आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला माणूस पाठवून गॅस्केटचे दोन जादा संच मागवून घेतले. जुना कूलर त्यांनी मला परत बसवू दिला नाही. इंजिन खरवडलं गेलं की धातूचा चुरा कूलरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो, कितीही धुतला तरी निघाल्याची खात्री नाही, आणि पुढे नव्या बेअरिंगांत उतरतो. त्याऐवजी त्यांनी रेडिएटरच्या नळ्या उघडून साफ करून घेतल्या, आणि चेंबरच्या खालच्या बोल्टमध्ये तेलाचं तापमान दाखवणारा काटा जोडून दिला. म्हणाले, “वर्षभर वही ठेवा. कविता नको, आकडे लिहा.”

मी वही ठेवली. एक नाही, तीन भरल्या. जुन्या दुपदरी रस्त्यावर, भर उन्हाळ्यातही, काटा शंभराच्या आसपास. वडखळला गणपतीच्या गर्दीत दोन तास अडकलो तेव्हा पाणी उकळायला आलं, पण तेल शंभराच्या खालीच होतं. इथं कूलर असून उपयोग शून्य, कारण गाडी उभी असली तर कूलरला वारा कुठला? म्हणजे अब्बांच्या रस्त्यावर अब्बांच्या गाडीला ऑइल कूलरची गरज कधीच नव्हती. हे कबूल करायला मला जड गेलं.

पण रस्ता बदलत होता. हा महामार्ग पूर्वी १७ नंबरचा, २०१० मध्ये तो ६६ नंबरचा झाला. पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण २०११ मध्ये निघालं आणि किती रखडलं ते या भागातल्या माणसाला सांगायला नको. खड्डे, धूळ, वळवलेले रस्ते यांत वर्षं गेली. मग टप्प्याटप्प्यानं काँक्रीट झालं. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की मी पेणच्या पुढे ऐंशीनं चाललो आहे, मागून ट्रक दिवे मारतोय, म्हणून नव्वद. चारच गिअरची गाडी. इंजिन सारखं चढ्या आवाजात. अर्ध्या तासानं काट्याकडे पाहिलं तर एकशे अठ्ठावीस. पाण्याचा काटा मात्र शांत. वहीत हा आकडा लिहिताना माझा हात थरथरला असं म्हणणार नाही, पण मी गाडी बाजूला घेतली.

दहा वर्षं उशिरा का होईना, पेण-रोह्याला ऑटोबान आला होता. आता कूलर हवा होता.

गेल्या वर्षी तो बसवला. मिस्त्रींची नजर आता कमी झाली आहे, काम त्यांच्या मुलानं केलं, ते खुर्ची टाकून शेजारी बसले. आमच्या इंजिनावर तेल ब्लॉकमधून बाहेरच्या एका नळीनं फिल्टरकडे जातं. एमजीवाले याच वाटेवर कूलर घालत. ती नळी काढायची, तिच्या जागी दोन पाइप. पाइप तेलाच्या दाबाचेच, दोन्ही तोंडांना दाबून बसवलेले जोड, स्क्रूच्या क्लिपा नाहीत. मध्ये थर्मोस्टॅट. तेल ऐंशी अंशांच्या खाली असेल तर ते कूलरकडे जातच नाही, आल्या वाटेनं परत फिरतं, म्हणजे पावसाळ्यातली ती साय नको. कूलर रेडिएटरच्या समोर नाही, बाजूला खाली, ग्रिलमधून थेट वारा येईल असा. त्याची तोंडं वरच्या अंगाला, म्हणजे इंजिन बंद केल्यावर तेल निथळून जात नाही आणि सकाळी बेअरिंगांना वाट बघावी लागत नाही. पाइप कुठंही पत्र्याला घासू नये म्हणून मुलानं जुन्या ट्यूबचे तुकडे कापून गुंडाळले. तेल नेहमीपेक्षा जास्त लागलं, तेवढं आधीच धरून ओतलं. स्पार्क प्लग काढून स्टार्टरनं इंजिन नुसतं फिरवलं आणि दाब आल्यावरच चालू केलं.

मिस्त्रींनी उठून पाइपला हात लावला. गार. दहा मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवलं, पुन्हा हात लावला. अजून गारच. मला वाटलं, पुन्हा फसलो. ते म्हणाले, “गारच पाहिजे. ऐंशी झाल्याशिवाय दार उघडणार नाही. रोह्याला जा आणि फोन करा.”

मी निघालो. वडखळ मागे पडलं, नागोठण्यापर्यंत गाडी ऐंशी-पंच्याऐंशीच्या खाली येऊ दिली नाही. भिसे खिंड चढलो. ज्या जागी इंजिन जाम झालं होतं तिथं गाडी थांबवली, बॉनेट उघडलं, पाइपला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग घरी येऊन फोन केला.

“किती?” त्यांनी विचारलं.

“एकशे आठ.”

“आणि पाणी?”

“नेहमीचंच.”

“बरं,” ते म्हणाले, “महिन्यानं जोड आवळायला घेऊन या. आणि वही आणा.”